ढालीवरची गावं : एस्पो ते इनारी

शनिवार, एस्पो

फिनलंडमध्ये एका गावाची हद्द संपून दुसऱ्याची लागली की रस्त्याकडेला पाटी दिसते. गावाचं नाव आणि सोबतीला एक छोटी रंगीत ढाल. हे त्या गावाचं मानचिन्ह, कोट ऑफ आर्म्स. गाडी वेगात असते, पाटी दोन सेकंद दिसते आणि तेवढ्यात ढालीवरचं चित्र डोळ्यांत भरतं. मी शाळेत चित्रकला शिकवली, आणि त्याआधी कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरलं. दोन सेकंदांत वाचता येईल असं चित्र काढायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. त्यामुळे भाची मुक्ताने "मामा, काय काय बघायचंय?" असं विचारलं तेव्हा सांता क्लॉजचं गाव राहू दे, ढाली दाखव, असं सांगून टाकलं. भाचेजावई निनादने मान डोलावली. मला वाटतं, पेट्रोलचा हिशेब त्याने नंतर केला असावा.

दोघं राहतात एस्पोत, हेलसिंकीला अगदी चिकटून. संगणक क्षेत्रातली मराठी मंडळी इथं बरीच. नोकियाचं मुख्यालयही इथलंच. पण एस्पोच्या ढालीवर मोबाईल नाही आणि काचेचा मनोराही नाही. निळ्या जमिनीवर सोनेरी घोड्याची नाल, तिच्यावर राजमुकुट. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या अंमलाखाली होतं, आणि १५५६ साली राजा गुस्ताव वासाने इथं सरकारी जहागीर वसवली होती. नाल आणि मुकुट हा त्या जहागिरीचा उल्लेख. आज त्या शहरात भुयारी मेट्रो धावते, तरी ढाल घोड्यावरून उतरलेली नाही.

ढाली मध्ययुगातल्या वाटतात, पण बहुतेक तशा नाहीत. जुन्या शहरांकडे मानचिन्हं पूर्वीपासून होती. खेड्यांच्या कुन्तांना, म्हणजे आपली ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांच्या मधल्या कारभाराला, तो हक्क १९४९ च्या कायद्याने मिळाला. पुढच्या वीसेक वर्षांत जवळजवळ सगळ्यांनी ढाली करून घेतल्या. तेव्हा देशात पाचशेच्या वर कुन्ता होत्या. विलीनीकरण होत होत आता तीनशेच्या थोड्या वर उरल्यात. काळ कसला होता ते लक्षात घेण्यासारखं आहे. सोव्हिएत संघाशी झालेल्या दोन युद्धांत पूर्वेकडच्या कारेलिया प्रदेशाचा मोठा तुकडा गेलेला, तिथून उठून आलेल्या चार लाखांवर माणसांना जमीन नि घर द्यायचं होतं, युद्धाची भरपाई १९५२ पर्यंत फेडायची होती. अशा दिवसांत गावोगावच्या सभा आपल्या ढालीवर काय असावं हे ठरवत बसल्या होत्या. मला यात चैन दिसत नाही. घरदार पुन्हा उभं करताना माणूस दारावर नावाची पाटी लावतोच.

नियम मात्र जुनेच. सोनं आणि चांदी, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे धातू. तांबडा, निळा, हिरवा, काळा हे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. चिलखतात झाकलेला सरदार लांबून ओळखू यावा, म्हणून युरोपात ही शिस्त आली. पाटी रंगवणाऱ्याला ती कुणी शिकवावी लागत नाही. पिवळ्यावर पांढरी अक्षरं काढली की दुकानदार दुसऱ्या दिवशी पैसे अडवतो. आणखी एक नियम मला फारच आवडला. मंजूर होतं ते ढालीचं वर्णन, चित्र नव्हे. "निळ्या क्षेत्रात सोनेरी नाल" एवढं कागदावर ठरलं की कुठल्याही चित्रकाराने आपल्या हाताने काढावी. नालेची जाडी, मुकुटाची टोकं हा त्याचा अधिकार.

आपल्याकडे बोधचिन्ह म्हटलं की किल्ला, नदी, ऊस, कारखान्याचं धुराडं, उगवता सूर्य आणि खाली संस्कृत वचन, सगळं एका वर्तुळात कोंबतात. समितीतल्या कुणाचंच मन मोडायचं नसतं ना!

रविवार, तुर्कू आणि पोरी

एस्पोहून तुर्कू दीडशे किलोमीटरच्या आसपास. ही फिनलंडची जुनी राजधानी, आणि हिची ढाल खरोखर जुनी, मध्ययुगातल्या शिक्क्यावरून आलेली. निळ्यावर सोनेरी गॉथिक वळणाचं मोठं 'ए' हे अक्षर आणि भोवती लिलीची चार फुलं. 'ए' हे आबोआ या शहराच्या लॅटिन नावाचं. लिली मेरीची, कारण इथलं कॅथेड्रल मेरीला आणि संत हेन्रीला वाहिलेलं. ढालीवर अक्षर घालणं जाणकारांना आवडत नाही. जे चित्रातून सांगता येत नाही त्यासाठीच अक्षर लागतं, असं त्यांचं म्हणणं. तुर्कूला माफ आहे, वयोवृद्धांना असतं तसं. ते अक्षर जवळून पाहिलं तर त्याचा डावा पाय बारीक आणि उजवा भरदार आहे. बोरूने लिहिणाऱ्याचा हात त्यात स्पष्ट दिसतो.

बंदरात ऑलंड बेटांना जाणारी प्रचंड बोट उभी होती. या बेटांच्या ढालीची गंमत आहे. १५६० साली गुस्ताव वासाच्या अंत्ययात्रेत राज्याच्या एकेका प्रांताचं निशाण मिरवलं गेलं. फिनलंडकडच्या ऑलंडचं एक चिन्ह होतं, स्वीडनकडच्या एलांड बेटाचं दुसरं. नावं सारखी, कुठंतरी कारकुनी घोटाळा झाला आणि दोघांची चिन्हं अदलाबदल झाली. हे ध्यानात आलं ते थेट १९४० च्या दशकात. एव्हाना ऑलंडवाल्यांना आपलं सोनेरी हरीण इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यांनी ते सोडलं नाही. आता दोन्ही बेटांकडे हरीण आहे. एलांडच्या हरणाच्या गळ्यात तांबडा पट्टा आहे, त्यावरून ओळखायचं.

तुर्कूहून आठ नंबरचा महामार्ग उत्तरेला सुटतो. दोन्ही बाजूंना राय नि जवाची शेतं, मध्येच तांबडी लाकडी घरं, मग पुन्हा जंगल. संध्याकाळी पोरी. १५५८ साली ड्यूक योहानने वसवलेलं हे गाव. याचं स्वीडिश नाव ब्यर्नेबोरी, अस्वलगड. त्यामुळे ढालीवर मुकुट घातलेलं अस्वलाचं डोकं, आणि ब्रीद लॅटिनमध्ये, "देव आमचा रक्षक". साताकुंता प्रांताच्या चिन्हातही अस्वलच, तिथं त्याच्या हातात तलवार दिली आहे. पोरीबद्दल एवढंच. गाव नीटनेटकं आहे, नदीकाठ सुंदर आहे, पण जुलैतला जाझ महोत्सव अजून सुरू व्हायचा होता आणि रविवारी रात्री आठला उघडं हॉटेल शोधताना आमची चांगलीच पायपीट झाली. शेवटी पेट्रोल पंपावर सॉसेज आणि मोहरीवर भागवलं.

सोमवार, वासा

पोरी ते वासा सुमारे दोनशे किलोमीटर. पाट्यांवरची भाषा हळूहळू बदलते. फिनिश खाली जाते, स्वीडिश वर येते, कारण या किनाऱ्यावर स्वीडिश बोलणारी गावं आहेत. ढालीला भाषा लागत नाही, हा तिचा मोठाच फायदा.

वासाच्या ढालीपुढं आम्ही बराच वेळ काढला. गाव १६०६ साली वसलं. नाव राजघराण्याचं आणि चिन्हही राजघराण्याचं, 'वासे' नावाची बांधलेली मोळी. ती धान्याची पेंढी की खंदक भरायला वापरायच्या फांद्यांची जुडी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. १८५२ च्या आगीत जुनं गाव जळालं आणि नवं समुद्राजवळ बांधलं. तोवर सत्ता रशियाची आली होती, त्यामुळे झार निकोलसच्या नावावरून १८५५ ते १९१७ गावाचं नाव होतं निकोलाइनकाउपुंकी. राजघराण्याचं नाव पुसलं ते झारसाठी, आणि झार गेल्यावर पुन्हा लावलं.

पण मोळीपेक्षा जास्त बोलणारी गोष्ट ढालीला जोडलेला क्रॉस ही आहे. १९१८ च्या यादवीत हेलसिंकी तांबड्यांच्या, म्हणजे समाजवादी बंडखोरांच्या, ताब्यात गेली आणि त्यांच्या विरोधातल्या पांढऱ्यांचं सरकार वासात बसलं. पांढऱ्यांचा सेनापती मानरहाइम, त्याचं सैन्य इथून उभं राहिलं. पांढरे जिंकले, आणि कृतज्ञता म्हणून वासाच्या चिन्हाला स्वातंत्र्य क्रॉस बहाल झाला. पुस्तकात याला सन्मान म्हणतात. मला ते चिन्ह बघताना त्याच वर्षी कैदी छावण्यांत भुकेने आणि रोगाने मेलेली हजारो तांबडी माणसं आठवली. त्यांच्या बाजूच्या कुठल्या गावाच्या ढालीला काही जोडलं गेलं नाही. घोड्याची नाल आणि अस्वल कुणाची बाजू घेत नाहीत. हा क्रॉस घेतो.

क्रॉस आखला अक्सेली गालेन-कालेला या चित्रकाराने, आणि त्याच्या भुजांमध्ये स्वस्तिक गुंफलं आहे. आपल्याला उंबऱ्यावर स्वस्तिक बघून काहीच वाटत नाही, युरोपात मात्र ते बघितलं की माणसं दचकतात. फिनलंडमध्ये ते नाझींच्या आधीपासून होतं. त्यांच्या हवाईदलाच्या विमानांवर १९१८ पासून निळं स्वस्तिक असायचं, १९४५ ला ते काढलं. राष्ट्रपतींच्या ध्वजावरच्या स्वातंत्र्य क्रॉसमध्ये मात्र अजून आहे. व्हाइट रोझ या दुसऱ्या सन्मानाच्या गळहारातली स्वस्तिकं १९६३ साली बदलली आणि त्यांच्या जागी देवदारासारख्या सूचिपर्णी फांद्यांचा क्रॉस आला. तो आखून देणारा होता गुस्ताफ फॉन नुमर्स.

हे नाव लक्षात ठेवायला हवं. १९४९ नंतरच्या ढालींमागं मोजकेच हात होते आणि फॉन नुमर्सचा त्यांत मोठा वाटा. ढालीचे दोन भाग करणारी रेघ युरोपात सरळ, नागमोडी, दातेरी किंवा किल्ल्याच्या तटासारखी असायची. फिन्निश मंडळींनी तिला दोन नवे आकार दिले. एकात रेघेवर उभ्या स्प्रूस झाडांचे शेंडे, दुसऱ्यात सूचिपर्णी डहाळीची टोकं. रेघ ओढली की जंगल आलंच, वेगळं झाड काढायला नको. आठ नंबरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना क्षितिज बघावं, नेमकी तीच रेघ दिसते. चित्रकलेचा मास्तर म्हणून मी एवढंच म्हणेन की असं काही सुचायला आधी खूप काही खोडावं लागतं.

मंगळवार, कोक्कोला

वासाहून कोक्कोला सव्वाशे किलोमीटरच्या आत. ढालीवर पेटलेलं डांबराचं पिंप, ज्वाळा वर निघालेल्या. निनाद म्हणाला, "मामा, हे तर अग्निशमन दलाचं वाटतं." पण या पिंपावर अख्खा किनारा जगला.

हे डांबर रस्त्यावरचं नव्हे, पाइनच्या लाकडाचं. उभ्या झाडाची साल काही वर्षं थोडी थोडी सोलत राहायची, म्हणजे जखम भरायला झाड राळ गोळा करतं. मग झाड तोडून, चिरफळ्या करून, नरसाळ्यासारख्या खड्ड्यात रचायच्या, वर माती नि शेवाळ थापायचं आणि आतल्या आत दिवसचे दिवस धुमसू द्यायचं. ज्वाळा दिसली तर माल गेला. तळाच्या लाकडी नळीतून काळं, दाट डांबर पिंपात उतरतं. लाकडी जहाजांचे तळ आणि दोरखंड यांना हेच लागायचं, आणि ब्रिटिश आरमार मोठं गिऱ्हाईक होतं.

माल इथला, पैसा मात्र स्टॉकहोमचा. बोथनियाच्या आखातातल्या गावांना परदेशाशी थेट व्यापार करायची मनाई होती. माल स्टॉकहोमच्या व्यापाऱ्यांमार्फतच जायला हवा. याविरुद्ध उभा राहिला एक पाद्री, आंदेर्स शिदेनियुस. तो १७६५ च्या स्वीडिश संसदेत गेला आणि त्याच वर्षी कोक्कोलासह काही गावांना जहाजं थेट बाहेर पाठवायची मोकळीक मिळाली. मुक्त व्यापारावरची त्याची पुस्तिकाही १७६५ चीच, ॲडम स्मिथच्या ग्रंथाच्या अकरा वर्षं आधीची. १७६६ च्या छपाई-स्वातंत्र्याच्या कायद्यातही त्याचा हात होता. त्याच वर्षी त्याला संसदेतून हाकललं. तो पुढं कोक्कोलाचाच मुख्य पाद्री झाला.

ज्वाळांना आणखी एक अर्थ लावायचा मोह होतो. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ च्या उन्हाळ्यात, ब्रिटिश जहाजं रशियाला धडा शिकवायला या आखातात शिरली आणि राहे नि औलू इथले डांबराचे साठे जाळून टाकले. किनाऱ्यावर पिंपंच पिंपं पेटली असणार. जूनमध्ये ती कोक्कोलाला आली तेव्हा गावकरी आणि सैनिक हल्कोकारीच्या किनाऱ्यावर दबा धरून बसले होते. ब्रिटिश मागं हटले, त्यांची एक बोट इथंच राहिली. ती आजही गावातल्या इंग्लिश पार्कमध्ये छपराखाली ठेवलेली आहे. आम्ही काचेला नाक लावून बघितली. लांबट, बसकी लाकडी बोट, फळ्यांचे जोड अजून घट्ट. तिच्या जोडांत कुठल्या देशाचं डांबर भरलेलं असेल, हा प्रश्न मुक्ताने विचारला आणि आम्ही तिघंही हसलो.

दुकानात डांबराच्या चवीची गोळी मिळते. तोंडात टाकली की पहिल्यांदा धूर, मग कडू, मग गोड. निनादने अर्ध्यावर थुंकली. मला आवडली, पाकीट घेतलं.

बुधवार, रस्त्यावर

नुसती गाडी. औलूत जेवण, बोथनियाचं आखात डावीकडे, मग नदी धरून आत. ढाली बऱ्याच गेल्या, वहीत नोंदवल्या नाहीत कारण पाऊस होता आणि वायपरमधून रंग नीट कळेनात. मुक्ताने देशाच्या चिन्हाचा विषय काढला. तांबड्या जमिनीवर मुकुटधारी सिंह, एका चिलखती हातात तलवार, पायाखाली वाकडी समशेर, भोवती नऊ गुलाब. हा उप्साला इथल्या गुस्ताव वासाच्या थडग्यावरून आलेला. फिनलंडच्या जंगलात सिंह कुणी पाहिलेला नाही, पण वाकडी तलवार कुणाची हे शेजाऱ्याला बरोबर समजतं.

गुरुवार, रोवानिएमी

इथं ढाल नकाशासारखी आहे. हिरव्यावर चांदीचा फाटा, म्हणजे केमियोकी आणि औनासयोकी या नद्यांचा संगम, आणि फाट्यात सोनेरी ज्वाळा. पुलावर उभं राहिलं की ढाल आणि समोरचं पाणी दोन्ही एकदम दिसतात. पुलाचं नाव 'लाकूडतोड्याची मेणबत्ती'. बुंध्याला चिरा पाडून तो उभा पेटवायची इथल्या ओंडकेवाल्यांची रीत आहे, तिच्यावरून हे नाव. केमियोकीतून ओंडके वाहून न्यायचं काम १९९१ ला थांबलं.

ज्वाळेचा दुसरा अर्थ कुणी मुद्दाम घातला नसेल, तरी इथला माणूस तो विसरू शकत नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे गाव जवळजवळ सगळं जाळलं. नंतर आल्वार आल्तो या वास्तुविशारदाने रस्त्यांची आखणी रेनडिअरच्या शिंगासारखी केली. आभाळातून बघितलं तरच कळतं, चालताना कळत नाही. मला तो आराखडा थोडा दिखाऊ वाटला. ढालीने एका फाट्यात जे साधलं ते आराखड्याने डझनभर रस्ते खर्चून साधलं.

सांताचं गाव निनादला बघायचंच होतं. बघितलं. पार्किंग मोठं आहे.

शुक्रवार, इनारी

रोवानिएमीपासून सव्वातीनशे किलोमीटर उत्तरेला. इनारी ही क्षेत्रफळाने फिनलंडची सर्वांत मोठी कुन्ता, १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे चार गोवे मावून वर जागा उरेल. माणसं सातेक हजार. कारभाराच्या भाषा चार: फिनिश, आणि इथल्या मूळच्या सामी लोकांच्या तीन, उत्तर सामी, इनारी सामी आणि स्कोल्ट सामी. असं देशात दुसरीकडे नाही.

आणि ढालीवर एकच प्राणी, जो जगात नाही: रेनडिअरची शिंगं असलेला मासा. मासा म्हणजे सीका, इथल्या तळ्याचा. इनारी तळं हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, त्यात तीन हजारांवर बेटं. तळ्याकाठच्या इनारी सामींचं जगणं मुख्यतः मासेमारीवर, डोंगरमाळांकडच्यांचं रेनडिअरवर. दोन प्राणी शेजारी शेजारी काढता आले असते. तसं केलं असतं तर अर्ध्या गावाची ढाल आणि उरलेल्या अर्ध्याची ढाल झाली असती. इथं मधली रेघच नाही. माशाच्या डोक्यातून शिंग उगवतं आणि शोधूनही सांधा सापडत नाही. सगळ्या प्रवासात बघितलेल्या ढालींत मी हिला पहिला नंबर दिला. मुक्ताचं मत कोक्कोलाला.

तरी एक खोट आहे. स्कोल्ट सामी पेत्सामोहून आलेले, तो प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेल्यावर त्यांना सेवेत्तियार्वीकडे वसवलं. त्यांच्या विस्थापनाचं या ढालीवर काहीच नाही. सामी लोकांनी १९८६ मध्ये नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चारही देशांतल्या आपल्या माणसांसाठी स्वतःचा ध्वज घेतला. तांबडा, हिरवा, पिवळा, निळा आणि मधोमध सूर्य-चंद्राचं वर्तुळ. तांबड्याला लागून हिरवा! ढालवाल्यांच्या नियमात हे बसत नाही, आणि इनारीतल्या सामी संसदेसमोर तो वाऱ्यावर फडकताना बघून नियमाची आठवणही येत नाही.

सीडा संग्रहालयात रेनडिअरपालनाची माहिती घेताना मला माझ्या कामाची गोष्ट सापडली. रेनडिअर मोकळे चरतात, मग कुणाचं कुठलं कसं ओळखायचं? कानावरून. उन्हाळ्यात पाडसांना गोळा करून सुरीने दोन्ही कानांच्या कडांना काप देतात. कुठल्या कानाला, कडेला की टोकाला, किती आणि कोणत्या आकाराचा, यावरून मालक ठरतो. प्रत्येकाची खूण नोंदवलेली असते. प्रत्येक कापाला नाव आहे, म्हणजे खूण चित्राशिवाय तोंडी सांगता येते. धावत्या जनावराच्या कानावरून ती वाचणारी माणसं इथं आहेत. १९४९ च्या कायद्याला जे हवं होतं, लांबून ओळख आणि शब्दांत वर्णन, ते इथं केव्हापासून चालू होतं.

इवालोकडे परतताना रस्त्याच्या मधोमध तीन रेनडिअर उभे. मुक्ताने गाडी थांबवली. मी काच खाली करून अर्धा बाहेर आलो. जवळच्याच्या डाव्या कानाला खालच्या कडेला त्रिकोणी खाच, टोक तिरपं छाटलेलं. उजवा कान त्याने पलीकडे वळवला होता. मी वहीत डावा काढला आणि उजव्यासाठी थांबलो.

"मामा," निनाद म्हणाला, "मागं ट्रक उभाय."